होझिअर : एका नावाची आणि एका गाण्याची शब्दकुळी

कुठल्याही गावच्या कापडबाजारात ‘होजिअरी’ अशी पाटी हमखास दिसते. आत गंजीफ्रॉक, मोजे, लहान मुलांची झबली. इंग्रजीत ‘होझ’ म्हणजे पायात चढवायचे लांब मोजे. जुन्या इंग्रजीतला शब्द ‘होसा’, म्हणजे पायाचे आवरण. ते विणणारा किंवा विकणारा तो ‘होझिअर’. आपल्याकडच्या तांबट, सुतार, शिंपी यांसारखेच धंद्यावरून पडलेले हे आडनाव. २०१३ पर्यंत ते इंग्लंड-स्कॉटलंडच्या जन्मनोंदींत पडून होते. त्यानंतर वर्षभरात जगभरच्या रेडिओवर ते रोज घेतले जाऊ लागले, अँड्र्यू होझिअर-बर्न या आयरिश तरुणामुळे.

त्याचा जन्म १७ मार्च १९९० चा, म्हणजे संत पॅट्रिकच्या सणाच्या दिवशीचा. गाव ब्रे, डब्लिनच्या दक्षिणेला समुद्रकाठी, विकलो परगण्यात. वडील डब्लिनमध्ये ब्लूज वाजवणारे ड्रमर, आई चित्रकार. पुढे त्याच्या पहिल्या अल्बमचे मुखपृष्ठही तिनेच रंगवले. गाणी लोकांपुढे आणायची वेळ आली तेव्हा त्याने जोडआडनावाचा पहिला अर्धा ठेवला आणि ‘बर्न’ गाळले. शब्दांच्या दृष्टीने पाहिले तर खरी श्रीमंती त्या गाळलेल्या अर्ध्यात आहे.

‘बर्न’ हे आयरिश ‘ओ ब्रिन’चे इंग्रजी वळणावर घासलेले रूप. ‘ओ’ म्हणजे मुळात नातू, मग वंशज. ‘ओ ब्रिन’ म्हणजे ब्रानचे वंशज, आणि हा ब्रान अकराव्या शतकातला, आयर्लंडमधल्या लेन्स्टर प्रांताचा राजा. ‘ब्रान’ या आयरिश शब्दाचा अर्थ डोमकावळा. या कुळाने विकलोच्या डोंगरांत ठाण मांडून इंग्रजी सत्तेला पिढ्यान्‌पिढ्या झुंजवले. १५८० साली ग्लेनमल्यूरच्या खिंडीत त्यांनी इंग्रज फौजेचा धुव्वा उडवला होता. कवितेच्या इतिहासात या कुळाचे नाव आहे ते वेगळ्या कारणाने. ‘ल्यौअर ब्रानख’, म्हणजे ओ ब्रिनांची पोथी, या नावाचा एक संग्रह टिकून आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या चार पिढ्यांच्या सरदारांसाठी दरबारी कवींनी रचलेल्या कविता त्यात आहेत. बर्न आडनावाची माणसे आयर्लंडमध्ये हजारोंनी आहेत, त्यामुळे गायकाची वंशावळ त्या सरदारांना जोडण्यात अर्थ नाही. पण नावाची वंशावळ खरी आहे, आणि ती कवींच्या उंबरठ्यावरून जाते.

होझिअरची सुरुवात सांगणारे बहुतेक लेख ‘करिअर’ या शब्दावर उभे असतात. मराठीतही आता हा शब्द इतका रुळला आहे की ‘करिअर घडवणे’, ‘करिअरचा प्रश्न’ असे आपण सहज बोलतो. तो इंग्रजीत आला फ्रेंचमधून, आणि फ्रेंच ‘कारिएर’ म्हणजे गाड्यांचा रस्ता किंवा घोड्यांच्या शर्यतीचा मार्ग. त्यामागे लॅटिन ‘कारुस’, चाकांची गाडी. आणि हा ‘कारुस’ लॅटिनचा स्वतःचा नव्हे. रोमनांनी तो गॉल देशातल्या केल्टांकडून उचलला. सीझरने हेल्वेटी लोकांच्या सामानाच्या गाड्यांसाठी हाच शब्द वापरला आहे. कार, कार्गो, चार्ज, करिअर ही सगळी त्या एका केल्टिक गाडीची पिलावळ. आयरिश भाषाही केल्टिकच, म्हणून आयरिश गायकाच्या ‘करिअर’बद्दल बोलताना आपण नकळत त्याच्याच भाषेच्या चुलत घराण्यातला शब्द वापरत असतो. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत ‘करिअर’चा अर्थ भरधाव दौड असा होता. व्यवसायातली वाटचाल हा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिळाला, पण दौडीची छटा त्यात राहून गेली. कोण पुढे, कोण मागे, किती वेळात किती अंतर.

माझे म्हणणे असे की या तरुणाची पहिली वर्षे दौडीच्या भाषेत सांगितली की हातातून निसटतात. ती सांगायला आयर्लंडचे जुने शब्द जास्त कामाचे आहेत.

दौडीच्या भाषेत गोष्ट अशी सांगतात : डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीत शिकायला गेला, एका मोठ्या कंपनीसाठी नमुन्याची गाणी मुद्रित करण्याच्या नादात पहिल्याच वर्षी शिक्षण सोडले, मग काही वर्षे ‘काहीच झाले नाही’, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये ‘टेक मी टू चर्च’ हे गाणे आले आणि एका रात्रीत सगळे बदलले. त्या ‘काहीच झाले नाही’च्या काळात तो २०१२ पर्यंत ‘अनुना’ या गायकवृंदात गात होता. आपल्या आवाजाला दहा-पंधरा आवाजांत मिसळून टाकायचे, कुणाचाही कान एकट्यावर जाऊ द्यायचा नाही, हे तिथले काम.

‘अनुना’ हे नाव म्हणजे ‘अन ऊह्ने’ या आयरिश शब्दांचा सोपा उच्चार. मायकल मॅकग्लिन या संगीतकाराने १९८७ साली हा वृंद डब्लिनमध्ये ‘अन ऊह्ने’ याच मूळ नावाने सुरू केला. १९९४ च्या युरोव्हिजन स्पर्धेच्या मध्यंतरात ‘रिव्हरडान्स’ पहिल्यांदा सादर झाले, तेव्हा सुरुवातीचे गाणे याच मंडळींचे होते. ‘ऊह्ने’ हा शब्द आयर्लंडच्या पुराणकथांतून येतो. त्या देशीच्या देवांतला थोरला, दाग्दा, याच्या वीणेशी तो जोडलेला आहे. एका कथेत तर ऊह्ने हे त्याच्या वीणावादकाचेच नाव. ती वीणा तीन प्रकारचे संगीत वाजवी. ‘गॉल्त्री’ ऐकून लोक रडत, ‘ग्यान्त्री’ ऐकून हसत, ‘सूअन्त्री’ ऐकून झोपी जात. ‘गॉल’ म्हणजे रडणे, ‘ग्यान’च्या जुन्या रूपाचा अर्थ हसू, आणि ‘सूअन’ म्हणजे झोप.

या ‘सूअन’पाशी मराठी वाचकाने जरा थांबावे. संस्कृत ‘स्वप्न’चा मूळ अर्थ झोप असाच आहे, पडणारे स्वप्न हा नंतरचा. लॅटिन ‘सोम्नुस’, वेल्श ‘हिन’ आणि आयरिश ‘सूअन’ ही त्याच ‘स्वप्’ धातूची भावंडे. मधला ‘प’ केल्टिक भाषांनी गिळला, कारण मूळ भाषेतला ‘प’ त्या घराण्यात जवळपास सगळीकडेच नाहीसा झाला. आपल्या ‘पितृ’चे आयरिश रूप ‘अहिर’ होते ते त्यामुळेच. म्हणजे आयर्लंडची आई बाळाला जी ‘सूअन्त्री’ म्हणते, तिच्या नावात आपला ‘स्वप्न’ बसलेला आहे.

‘ऊह्ने’ला आणखी एक अर्थ आहे, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. जुन्या आयरिश छंदशास्त्रात ‘ऊह्ने’ म्हणजे एक प्रकारचे सैल यमक. त्यात स्वर तोच असण्याची सक्ती नाही, पण व्यंजने एकाच वर्गातली हवीत. हे वर्ग कोणते? क, त, प हा एक वर्ग. ग, द, ब हा दुसरा. ख, थ, फ यांच्या जवळचे घर्षक तिसरा. आपल्या मुळाक्षरांचा तक्ता डोळ्यांपुढे आणा. आडव्या ओळी म्हणजे कवर्ग, चवर्ग वगैरे. पण उभे पाहिले तर पहिल्या रांगेत क, च, ट, त, प, आणि तिसरीत ग, ज, ड, द, ब. आयरिश कवींनी व्यंजनांची जी वाटणी कानाने केली, ती आपल्या तक्त्यातल्या या उभ्या रांगांसारखीच आहे. ‘पाट’ आणि ‘काप’ यांचे यमक मराठी कान मान्य करणार नाही. आयरिश कवीच्या कानाला ट आणि प सख्खे. ज्या वृंदाच्या नावातच असा कान आहे, तिथे घालवलेली वर्षे ‘काहीच झाले नाही’ या खात्यात टाकणे मला पटत नाही.

मग या माणसाला म्हणायचे काय? इंग्रजीत गायक आणि गीतलेखक असे दोन शब्द जोडून काम भागवतात. मराठीत आपण चित्रपटांच्या सवयीने गीतकार, संगीतकार, गायक अशा तीन खुर्च्या मांडल्या, त्यामुळे तिन्हीवर बसणारा आला की अडखळतो. तसा शब्द आपल्याकडे नव्हता असे मात्र नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने राहिलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात ‘वाग्गेयकार’ हा शब्द शास्त्र म्हणून मांडला आहे. ‘मातू’ म्हणजे शब्द, ‘धातू’ म्हणजे चाल. दोन्ही जो रचतो तो वाग्गेयकार. देवगिरी म्हणजे आजचे दौलताबाद, त्यामुळे या शब्दावर मराठी मुलुखाचा हक्क आहे आणि तो पुन्हा बोलण्यात यावा असे मला मनापासून वाटते. लोकांच्या तोंडी मात्र त्याच कामाला ‘शाहीर’ राहिला. अरबी ‘शाइर’ ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ जाणणे, जाणवणे. शाहीर म्हणजे ज्याला जाणवते तो.

आयर्लंडमध्ये या कामाला दोन नावे होती. वरच्या दर्जाचा तो ‘फिली’. त्याच्या मुळाशी ‘पाहणे’ हा अर्थ आहे. फिली म्हणजे द्रष्टा. धातू वेगळा, पण आपल्या ‘कवि’चा जुना अर्थही द्रष्टाच, आणि ‘जे न देखे रवि ते देखे कवि’ ही आपली म्हण आयरिश माणसाला समजावून सांगावी लागणार नाही. मध्ययुगीन आयरिश ग्रंथांत फिलीच्या शिक्षणाचा क्रम बारा वर्षांचा दिला आहे. मराठीत याला ‘एक तप’ म्हणतात.

दुसरे नाव ‘बार्ड’. ‘भाट’ आणि ‘बार्ड’ कानाला जवळ लागतात, काम सारखे, म्हणून दोन्ही एकच असे मानण्याचा मोह होतो. तसे नाही. ‘भाट’ हा ‘भट्ट’वरून आला. ‘बार्ड’चे खरे भावंड संस्कृतात दुसरीकडे आहे : ‘गिर्’, म्हणजे स्तुती, वाणी, आणि ‘गृणाति’, स्तुती करतो. मूळ भाषेतला एक ओठ गोल करून काढलेला ‘ग्व’ संस्कृतात ‘ग’ झाला आणि केल्टिकमध्ये ‘ब’. पुरावा हवा असेल तर गोठ्यात जा : आपली ‘गो’, आयरिश ‘बो’, दोन्ही गायच. ‘जीव’ आणि आयरिश ‘ब्यो’, म्हणजे जिवंत, हीसुद्धा तशीच जोडी. तेव्हा ‘बार्ड’ म्हणजे स्तुती रचणारा, आणि ज्या ‘गिर्’मुळे आपण संस्कृतला ‘गीर्वाणवाणी’ म्हणतो, त्याच धातूचा तो आयरिश वारस.

त्या कवींच्या शाळेचे एक वर्णन १७२२ साली छापलेल्या एका पुस्तकात आहे. एकांतातली बैठी इमारत, खिडक्या नाहीत, आत लहान लहान खोल्या, खोलीत एक पलंग. रात्री विद्यार्थ्यांना विषय आणि वृत्त सांगायचे. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने अंधारात पडून मनातल्या मनात कविता जुळवायची. रात्री दिवे आणले की मगच ती कागदावर उतरवायची आणि गुरूंपुढे म्हणायची. अक्षर दिसायच्या आधी ओळ कानात पक्की व्हायला हवी, असा विचार मला त्यात दिसतो.

होझिअरने ‘टेक मी टू चर्च’चे पहिले मुद्रण आईवडिलांच्या घराच्या माळ्यावर केले. इंग्रजीतला ‘अ‍ॅटिक’ मूळचा अथेन्सभोवतीच्या अ‍ॅटिका प्रांताचा. इमारतीच्या माथ्यावर तिकडच्या शैलीचे खांब घालत, त्यावरून छपराखालच्या खोलीला ते नाव पडले. माळ्यावरचे ते रेकॉर्डिंग पुढे निर्माता रॉब किर्वनपर्यंत पोचले आणि डब्लिनच्या रुबीवर्क्स या छोट्या कंपनीने ते काढले. आठवडाभराच्या झगमगाटात हे घडले नाही. घरी बसून, एकट्याने, कानावर विसंबून घडले.

आता ते शीर्षक. ज्या परगण्यात हे गाणे जन्मले त्याचे इंग्रजी नाव विकलो हे वायकिंगांनी दिलेले. आयरिश नाव ‘किल व्हंताइन’, म्हणजे मंतानचे चर्च. मंतान म्हणजे दात पडलेला, संत पॅट्रिकचा एक शिष्य. आयर्लंडच्या नकाशावर ‘किल’ने सुरू होणारी गावे जागोजागी भेटतात, किलडेअर म्हणजे ओक वृक्षापाशी असलेले चर्च. हा ‘किल’ लॅटिन ‘सेला’वरून आला, लहान खोली. मठातल्या साधूची खोली आधी, मग तिच्याभोवती चर्च, मग गाव. मोठ्या संस्थेला मात्र आयरिशमध्ये वेगळा शब्द आहे : ‘अग्लिश’. तो ग्रीक ‘एक्लेसिया’पासून, म्हणजे बोलावून जमवलेली सभा. याच एक्लेसियाचे पोर्तुगीज रूप ‘इग्रेजा’, आणि त्यापासून कोकणी ‘इगर्ज’, मराठी ‘इगर्जी’. पणजीतली इगर्जी आणि गॉलवेतली अग्लिश एकाच शब्दाची दोन टोके आहेत. इंग्रजी ‘चर्च’ मात्र निराळ्या वाटेने आला, ग्रीक ‘कुरिआकोन’पासून : कुरिओसचे, प्रभूचे घर. भाषाशास्त्रात या ‘कुरिओस’चे नाते आपल्या ‘शूर’शी लावतात, दोन्हींच्या मुळाशी बळ आहे.

प्रभूचे बळ आयर्लंडमध्ये माणसांच्या हातात फार काळ राहिले. पुरुषांमधले समलिंगी संबंध तिथे १९९३ पर्यंत गुन्हा होते. तेव्हा होझिअर तीन वर्षांचा. ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना धर्मसंस्थांच्या ज्या धोबीखान्यांत राबवले जाई, त्यांतला शेवटचा बंद झाला १९९६ मध्ये. मुलांवरच्या अत्याचारांचे मोठे सरकारी अहवाल २००९ मध्ये आले, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्या वयाच्या आयरिश मुलाच्या कानावर हे सतत येत होते. त्याच्या गाण्यात प्रेयसीच पूज्य आहे. पापाची कबुली, पूजा, वेदी, बळी ही सारी धर्माची शब्दसामग्री तो तिच्याकडे वळवतो. देहाला लाज शिकवणाऱ्या संस्थेला तो तिच्याच भाषेत उत्तर देतो.

फिलीच्या भात्यात स्तुतीसोबत आणखी एक अस्त्र होते, ‘ईर’. निंदागीत. पुराणकथा सांगते की ब्रेस नावाच्या राजाने कवीला अंधाऱ्या खोपटात उतरवले, ताटात कोरड्या भाकरीचे तुकडे वाढले. सकाळी कवीने आयर्लंडमधली पहिली ईर म्हटली आणि त्या राजाचे राज्य ओहोटीला लागले. ईरने राजाच्या चेहऱ्यावर फोड उठतात आणि डाग पडलेला राजा गादीवर राहू शकत नाही, अशी श्रद्धा होती. म्हणून सरदार कवींना भीत. ‘टेक मी टू चर्च’ मी असे वाचतो : एकाच गाण्यात बार्डची स्तुती प्रेयसीला आणि फिलीची ईर धर्मसंस्थेला. दोन्ही वेगळी ठेवली असती तर एक साधे प्रेमगीत झाले असते आणि एक निषेधगीत. त्याने स्तुतीचेच शब्द ईरला दिले.

कॉर्कच्या तरुण मंडळींनी थोड्या पैशांत या गाण्याचा कृष्णधवल व्हिडिओ केला, दोन तरुणांच्या प्रेमावर तुटून पडणाऱ्या जमावाचा; रोख रशियातल्या २०१३ च्या समलिंगीविरोधी कायद्याकडे होता. तो ‘व्हायरल’ झाला असे आपण म्हणतो. लॅटिन ‘विरुस’ म्हणजे विष, आणि संस्कृत ‘विष’ त्याचाच सख्खा. या एका ठिकाणी नवा शब्द मला चपखल वाटतो, कारण ईरचे काम तेच होते : पसरायचे आणि अंगावर उठायचे. डिसेंबर २०१४ मध्ये गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. २०१५ च्या ग्रॅमीत त्याला ‘साँग ऑफ द इयर’चे नामांकन मिळाले, हा पुरस्कार रचनाकाराचा असतो, म्हणजे मातू आणि धातूचा. त्याच वर्षी २२ मे रोजी आयर्लंडने समलिंगी विवाहाला सार्वमताने मान्यता दिली, ६२ टक्के मतांनी. गाण्यामुळे हे झाले असे कुणी म्हणू नये. देश आधीच त्या दिशेने निघाला होता, आणि गाणे त्याच वाटेवरचे होते.

पहिला अल्बम सप्टेंबर २०१४ चा, नाव नुसते ‘होझिअर’. ओ ब्रिनांचा अर्धा तेव्हाही बाहेरच राहिला. पण वृंदात गाताना ज्या आयरिश भाषेत त्याचा आवाज मिसळला होता, ती त्याच्या स्वतःच्या गाण्यांत पुढे आली. २०२३ च्या ‘अनरियल अनअर्थ’ या अल्बममधले ‘बुचर्ड टंग’ हे गाणे तोडून टाकलेल्या जिभांबद्दल, मारल्या गेलेल्या भाषांबद्दल आहे. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी ठेवलेली गावांची नावे आणि आयरिश नावे तो तिथे शेजारी शेजारी ठेवतो. आणि त्याच अल्बमच्या पहिल्या गाण्यात, शेवटाकडे, इंग्रजी थांबते आणि होझिअर आयरिशमध्ये गाऊ लागतो.